नेत्रतपासणी झाली, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

वस्त्यांमध्ये आणि दूरच्या गावांमध्ये नेत्रतपासणी करणारे कार्यकर्ते, शिक्षक आणि देणगीदार यांच्याकडून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

डॉक्टर दिवसभर थांबू शकत नाहीत. आमच्या स्वयंसेवकांनी नजर तपासली तर चालेल का? कशी तपासावी?

चालेल. दूरची नजर मोजायला वैद्यकीय पदवी लागत नाही. लागते ती शिस्त, आणि ती सुटली की सगळे आकडे खोटे ठरतात.

पहिली चूक तक्त्यातच असते. संगणकावरून तक्ता छापताना तो कागदाच्या मापात बसवला जातो, अक्षरे लहान होतात आणि चांगली नजर असलेली माणसेही ‘नापास’ होतात. म्हणून छापल्यावर पट्टी लावून मोजा. (६/१२ नजर म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस जे बारा मीटरवरून वाचतो, ते सहा मीटरवरून वाचता येणे.) सहा मीटरच्या तक्त्यावर ६/६० च्या ओळीतले अक्षर ८७ मिलिमीटर उंच हवे, ६/१८ चे २६, ६/१२ चे साडेसतरा आणि ६/६ चे जवळपास पावणेनऊ मिलिमीटर. खोली लहान असेल तर तीन मीटरचा वेगळा तक्ता वापरा, त्यातली अक्षरे बरोबर निम्मी असतात. सहा मीटरचाच तक्ता तीन मीटरवर टांगला, तर ६/१२ ची ओळ वाचणाऱ्याची खरी नजर ६/२४ असते आणि तो तुमच्या हातून निसटतो.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी ‘ई’चा तक्ता घ्या. ‘ई’ची तोंडे कुठल्या बाजूला आहेत ते समोरच्याने बोटांनी दाखवायचे. खरे तर प्राथमिक चाळणीला पूर्ण तक्ताही लागत नाही. एका पुठ्ठ्यावर ६/१२ चा आणि मागच्या बाजूला ६/६० चा एकेक ‘ई’ पुरतो. पुठ्ठा फिरवत पाच वेळा विचारा, चार बरोबर आले तर ती पातळी पास. चार दिशांपैकी नुसत्या अंदाजाने पाचात चार किंवा पाच बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक असते, म्हणून ही अट पुरेशी कडक आहे. फिरवायच्या पुठ्ठ्याचा आणखी एक फायदा असा की रांगेत उभी असलेली माणसे तक्ता पाठ करू शकत नाहीत. टांगलेला तक्ता वापरत असाल तर रांग दुसऱ्या खोलीत बसवा.

अंतर पावलांनी मोजू नका. फितीने मोजून जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि टाचा त्या रेषेवर ठेवायला सांगा. वाचण्याच्या भरात माणूस हळूहळू पुढे झुकतो, तिकडे लक्ष हवे. तक्ता नजरेच्या उंचीवर आणि उजेडात असावा, पण खिडकीच्या मध्ये नको, कारण मागून उजेड आला की अक्षरे फिकी दिसतात.

आधी उजवा डोळा, मग डावा, हा क्रम कधीच बदलू नका. नोंदींची अदलाबदल होते ती इथेच. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण मुले बोटांच्या फटीतून बघतात. डोळ्यावर दाब द्यायचा नाही. दाबलेला डोळा थोडा वेळ धूसर बघतो आणि पुढची पाळी त्याचीच असते. दूरचा चष्मा असेल तर तो लावून तपासा आणि तसे लिहा. वाचायचा चष्मा मात्र काढायला लावा.

६/१२ न दिसणाऱ्या प्रत्येकाची तपासणी पुढे सूक्ष्मछिद्रातून करा. जाड काळ्या पुठ्ठ्याला १.२ मिलिमीटरचे गुळगुळीत कडेचे छिद्र पाडायचे. छिद्र दोन मिलिमीटरच्या पुढे गेले की उपयोग संपतो. छिद्रातून स्पष्ट दिसले तर बहुधा नंबरचा दोष आहे. सुधारणा झाली नाही तर मोतीबिंदू, बुबुळावरचे फूल, पडद्याचा किंवा नसेचा आजार यांपैकी काहीही असू शकते आणि ते डॉक्टरांनीच पाहावे लागते. मात्र सुरुवातीच्या मोतीबिंदूतही छिद्रातून थोडे बरे दिसते. तेव्हा या चाचणीने रांगा वेगळ्या करा, निदान करू नका.

६/६० चे अक्षरही दिसत नसेल तर तेच अक्षर तीन मीटरवर दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी म्हणजे अंधत्व. त्याखाली बोटे मोजता येतात का, हाताची हालचाल कळते का, शेवटी बॅटरीचा उजेड कळतो का, या क्रमाने जा. ‘काहीच दिसत नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. फक्त उजेड कळणाऱ्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू असेल तर ती नजर परत येऊ शकते. उजेडच कळत नसेल तर बहुतेक वेळा येत नाही.

चाळिशी लागलेल्यांना तयार चष्मे तिथल्या तिथे वाटावेत का, की प्रत्येकाला डॉक्टरांकडे पाठवावे?

वाटावेत. इतक्या कमी खटाटोपात इतका फरक पडणारे दुसरे काम या क्षेत्रात नाही. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. सुई ओवणे, धान्य निवडणे, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचणे यांसाठीही हेच लागू आहे.

क्रम मात्र पाळा. आधी प्रत्येक डोळ्याची दूरची नजर बघा. दोन्ही डोळ्यांना ६/१२ दिसत असेल तरच तयार चष्मा. दूरचेच कमी दिसत असेल आणि तुम्ही जवळचा चष्मा देऊन पाठवले, तर त्या माणसाला वाटते की डोळ्यांचे काम झाले. आतला मोतीबिंदू किंवा काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू निकामी करणारा आजार) मग वर्षानुवर्षे कुणी बघत नाही.

नंबर वयावरून सुरू करता येतो. चाळीस ते पंचेचाळीसला +१.००, पन्नाशीपर्यंत +१.५०, पंचावन्नपर्यंत +२.००, त्यापुढे +२.५०. ही फक्त सुरुवात. खरा नंबर कामाच्या अंतरावरून ठरतो. माणसाला त्याचे नेहमीचे काम हातात धरायला सांगा आणि त्या अंतरावर स्वच्छ दाखवणारा सर्वांत कमी नंबर द्या. वाटणाऱ्यांचा हात नेहमी जास्त नंबराकडे जातो, कारण त्यात अक्षर मोठे दिसते आणि घेणारा लगेच खूश होतो. घरी गेल्यावर +३.०० च्या चष्म्यातून साधारण ३३ सेंटिमीटरवरचेच स्पष्ट दिसते, शिवणयंत्र त्याहून लांब असते, आणि चष्मा फडताळात जातो.

काहींना चाळिशी लागतच नाही, कारण त्यांना दूरचा मायनस नंबर असतो आणि चष्मा काढला की जवळचे दिसते. त्यांना तयार चष्मा नको. साठी-सत्तरीतले कुणी आनंदाने सांगत असेल, ‘आता मला चष्म्याशिवाय वाचता येते’, तर त्याला मोतीबिंदूच्या रांगेत बसवा. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की मायनस नंबर येतो आणि काही काळ जवळचे सुधारते.

शाळेत यंत्राने नंबर काढून चष्मे दिले. तीन महिन्यांनी बघितले तर बरीच मुले ते वापरत नव्हती. काय चुकले?

बहुधा दोन गोष्टी. मुलांच्या डोळ्यांचे स्नायू फार ताकदीचे असतात. यंत्रात बघताना मूल नजर आवळून धरते आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त मायनस दाखवते. म्हणून मुलाला निव्वळ यंत्राच्या आकड्यावर चष्मा देऊ नये. गरज असेल तिथे सायक्लोपेन्टोलेटसारखे थेंब घालून स्नायू सैल करून तपासावे लागते, आणि ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. उलट बाजूने, प्लस नंबर असलेले मूल तक्ता झरझर वाचते आणि सुटून जाते. त्यासाठी डोळ्यासमोर +२.०० चे भिंग धरा. तरीही ६/१२ ची ओळ वाचली तर त्याला पुढे पाठवा.

दुसरे कारण चष्म्याचे आणि घराचे. अगदी किरकोळ नंबराचा चष्मा लावून फरक जाणवत नाही, मग मूल तो का लावेल? असे चष्मे देऊच नयेत. फ्रेम मुलाला स्वतः निवडू द्या. काच नको, सहज न फुटणारे पॉलिकार्बोनेटचे भिंग द्या. पालकांना बोलावून सांगा की चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. मूल वाढते तशी डोळ्याची लांबी वाढते आणि नंबर त्यामुळे वाढतो. हा गैरसमज दूर केल्याशिवाय चष्मा दप्तरातून बाहेर येणार नाही. वर्गात चिडवाचिडवी होत असेल तर ती थांबवणे शिक्षकांच्या हाती आहे.

तीन महिन्यांनी न सांगता जाऊन बघितलेत हे उत्तम केले. आधी कळवून गेले की सगळ्यांच्या नाकावर चष्मे असतात.

तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नजरेत फरक दिसला तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नका. आळशी डोळ्यावरचे, म्हणजे मेंदू ज्याची नजर नीट वापरत नाही त्या डोळ्यावरचे, उपचार वयाच्या सात वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडतात. आणि बाळाच्या बाहुलीत किंवा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत पांढरी चमक दिसली, तर शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात नेत्ररुग्णालय गाठा. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्यातली गाठही. एका डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया बाळ सहा ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत झालेली बरी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांना सांगितले, त्यांतले निम्मे गेलेच नाहीत. शस्त्रक्रिया मोफत होती, तरीही. मग वस्तीतच, शाळेच्या सभागृहात शस्त्रक्रिया ठेवल्या तर?

नको. कितीही गरज असली तरी नको. डोळ्याच्या आत जंतू गेले तर दोन-तीन दिवसांत डोळा जातो, आणि एकाच दिवशी त्याच उपकरणांनी केलेल्या अनेकांचे डोळे एकदम जाऊ शकतात. निर्जंतुकीकरण, हवा, पाणी आणि द्रावणे यांवर नियंत्रण हवे, आणि ते कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहातच ठेवता येते. तपासणी वस्तीत करायची आणि शस्त्रक्रियेला माणसाला रुग्णालयात न्यायचे, हीच रीत योग्य.

लोक का येत नाहीत ते बघा. मोफत म्हणजे रुग्णालयाचे मोफत. प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचाही बुडालेला दिवस, हे सारे घरावरच पडते. म्हाताऱ्या बाईला न्यायला कुणाला वेळ नसतो. एका डोळ्याने चालते आहे तोवर घरच्यांना निकड वाटत नाही. आणि शेजारी कुणाची शस्त्रक्रिया बिघडलेली असेल तर पूर्ण गल्ली घाबरते.

उपाय त्याच क्रमाने करा. तपासणीच्या ठिकाणीच, डॉक्टर उठण्याआधी, तारीख ठरवा. ‘कळवतो’ म्हटले की माणूस हरवतो. चिठ्ठीवर दोन फोन नंबर घ्या, एक शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा. गाडी वस्तीतूनच सुटावी. ज्यांना सोबतीला कुणी नाही त्यांच्यासाठी चार-पाच जणांमागे एक कार्यकर्ती द्या. समजावण्याचे काम डॉक्टरांपेक्षा शस्त्रक्रिया होऊन चांगले दिसू लागलेली बाई जास्त चांगले करते, तिला तपासणीला बसवा. आदल्या दिवशी फोन करा. जे आले नाहीत त्यांच्या घरी आठवड्याच्या आत जा आणि कारण लिहून ठेवा. ‘आला नाही’ हे कारण नव्हे.

जाण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ती फार वाढलेली निघाली तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, माणूस माघारी येतो आणि पुन्हा जात नाही. नाकाच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हलके दाबल्यावर पू येत असेल तर आधी अश्रुपिशवीवर उपचार. रोजच्या सगळ्या गोळ्या सोबत न्यायला सांगा. लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनने शस्त्रक्रियेत बाहुली आकसते, सर्जनला ते आधी कळले तर तो तयारीने बसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

‘पिकेपर्यंत थांबा’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. कामात अडचण येऊ लागली की तीच वेळ. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला कठीण जातो, आणि तो आत विरघळू लागला तर डोळ्याचा दाब चढून नस कायमची जाते.

शस्त्रक्रिया झालेल्यांकडे आम्ही किती दिवस लक्ष ठेवावे?

दुसरा दिवस, एक आठवडा आणि साधारण एक महिना ते सहा आठवडे. शेवटची भेट सर्वांत जास्त चुकते आणि चष्म्याचा नंबर तिथेच निघतो. बसवलेले भिंग सहसा दूरच्यासाठी असते, जवळच्यासाठी +२.५० च्या आसपास चष्मा लागतोच. हे आधी सांगितले नाही तर माणूस म्हणतो, ‘मला अजून वाचता येत नाही, म्हणजे फुकट गेली’, आणि त्याचे बोलणे तुमच्या पुढच्या दहा रुग्णांपर्यंत पोहोचते.

थेंब बहुधा चार ते सहा आठवडे, कमी कमी करत घालायचे असतात. घरातल्या एकाला पद्धत करून दाखवा आणि त्याच्याकडून करून घ्या : हात धुणे, खालची पापणी ओढणे, बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला न लावता एक थेंब. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, नजर आलेली परत गेली, लाली वाढली किंवा पू दिसला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री रुग्णालयात.

मधुमेह असलेल्यांच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा मिळाला आहे. नजर चांगली असलेल्यांचेही फोटो काढायचे का?

विशेषकरून त्यांचेच. मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार बराच पुढे जाईपर्यंत नजर ६/६ राहू शकते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि नंतर दरवर्षी, पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी आणि मग दरवर्षी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर लगेच.

अडचण येते ती धूसर फोटोंची. बाहुली लहान असते किंवा मोतीबिंदू आड येतो. न वाचता येणाऱ्या फोटोला ‘ठीक’ मध्ये टाकू नका, त्या व्यक्तीला डॉक्टरांकडेच पाठवायचे असते. खोलीत अंधार करून दोन-तीन मिनिटे बसवले की बऱ्याच बाहुल्या आपोआप मोठ्या होतात. तरीही जमले नाही तर ट्रॉपिकॅमाइडचे थेंब, वीस-तीस मिनिटे थांबणे. मग चार ते सहा तास धूसर दिसेल, वाहन चालवू नये, हे थेंब घालण्याआधी सांगा. क्वचित कुणाच्या डोळ्याचा दाब अचानक चढतो. त्या रात्री डोळा खूप दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली किंवा उलट्या झाल्या तर लगेच रुग्णालय.

निकाल त्याच दिवशी हातात द्या. आणि उपचाराबद्दल खरे सांगा : लेसर आणि इंजेक्शने मुख्यतः उरलेली नजर वाचवतात.

काचबिंदूसाठी सगळ्यांच्या डोळ्यांचा दाब मोजावा का?

फक्त दाबावर विसंबू नका. काचबिंदू असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा दाब एका वेळच्या मोजणीत मर्यादेत येतो. ते ‘दाब नॉर्मल’ची चिठ्ठी घेऊन निश्चिंत घरी जातात, आणि हे नुकसान न मोजण्यापेक्षा मोठे आहे. दाबासोबत नसेची तपासणी करणारा माणूस असेल तरच मोजा. नसेल तर वेळ काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना शोधून रुग्णालयात पाठवण्यात घाला.

लाल डोळ्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब लोक एकमेकांना देतात. काय सांगावे?

बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही नावे शोधायला शिकवा. ही स्टिरॉइड्स आहेत. त्यांनी लाली झटकन जाते म्हणून ती लोकप्रिय आहेत. पण बुबुळाला बुरशीची जखम असेल तर ती वाढते, आणि महिनोन्‌महिने वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. डोळ्यात पाला, काडी किंवा धान्याचे टरफल लागून लाली आली असेल तर हे थेंब अजिबात नकोत. चुना, आम्ल किंवा फवारणीचे औषध उडाले तर आधी स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा ते तीस मिनिटे धुवा आणि मगच दवाखान्याकडे निघा.

आमच्या विश्वस्त निधीतून वर्षाला एक मोठे शिबिर घ्यावे की त्याच पैशात छोटे कायमचे केंद्र चालवावे?

जमत असेल तर केंद्र. दक्षिण भारतातल्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरांपैकी जेमतेम सात जण शिबिराला पोहोचल्याचे दिसले होते. शिबिराच्या दिवशी ज्याला ताप आहे, काम आहे किंवा सोबत नाही, त्याचे ते वर्ष गेले. १९७६ मध्ये मदुराईत सुरू झालेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने पुढे गावोगावी छोटी दृष्टिकेंद्रे उभी केली : एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, तपासणीचे यंत्र, चष्मे, आणि दूरवर बसलेल्या डॉक्टरांशी व्हिडिओवरून बोलण्याची सोय. बहुतेकांचे काम तिथेच होते, बाकीच्यांनाच पुढे जावे लागते.

केंद्र शक्य नसेल तर एका मोठ्या शिबिराऐवजी त्याच वस्तीत वर्षातून चारदा छोटी तपासणी ठेवा, ठरलेल्या वारी. आणि अहवालात ‘इतक्या जणांची तपासणी’ हा आकडा सर्वांत वर छापू नका. वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा : कशासाठी पाठवले, उपचार कोणत्या तारखेला मिळाला, आणि उपचारानंतर प्रत्येक डोळ्याची नजर किती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सदस्य देशांसाठी २०३० पर्यंतची उद्दिष्टे ठरवली, तीही चष्मा किंवा शस्त्रक्रिया मिळून खरोखर चांगले दिसू लागलेल्यांच्या प्रमाणावरच. तिसरा रकाना रिकामा राहिलेल्या नावांची यादी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढा आणि ती घरे कार्यकर्त्यांमध्ये वाटून द्या.